शतावरीच्या मुळाशी

निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील गाव. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या पट्ट्याच्या शेतीचे रूप पालटले. ऊस, कांदा आणि भाजीपाल्याने जिरायती पिकांची जागा बऱ्याच अंशी घेतली. घरे पक्की झाली, मुली पदवीपर्यंत शिकू लागल्या, बाळंतपणे रुग्णालयात होऊ लागली. परंतु बाळ-बाळंतीण घरी आली की स्वयंपाकघर पुन्हा आपल्या जुन्या वळणावर येते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाळंतशेपा आणि दुधातून शतावरी. सासूबाईंनी सुनेला द्यावी, आईने लेकीला द्यावी, अशी ही शतावरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. निमगाव सावाच काय, महाराष्ट्रातील कोणत्याही गावात आणि पुण्या-मुंबईच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घरात हेच दृश्य दिसेल.

बदलली आहे ती शतावरीची भाषा. पूर्वी ती ‘दूध येण्यासाठी’ आणि ‘अंगात ताकद भरण्यासाठी’ दिली जात असे. आज तिच्या डब्यांवर आणि जाहिरातींत ‘नैसर्गिक हार्मोन’, ‘वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन’, ‘संप्रेरकांचे संतुलन’ असे शब्द झळकू लागले आहेत. बाळंतिणीपुरती असलेली ही मुळी आता पाळीच्या तक्रारींपासून रजोनिवृत्तीपर्यंत सर्व वयाच्या स्त्रियांसाठी विकली जाते. दुसऱ्या बाजूला, हे सारे थोतांड आहे असे सांगून तिची खिल्ली उडवणारा सुशिक्षित वर्गही आहे. एक बाजू विज्ञानाचे शब्द उसने घेते, त्यांची जबाबदारी घेत नाही. दुसरी बाजू विज्ञानाचे नाव घेते, परंतु झालेले संशोधन वाचण्याची तसदी घेत नाही. या दोन टोकांच्या मध्ये उभी आहे ती बाळाला छातीशी धरलेली माता. तिला खरे काय ते कोणी सांगायचे, हा प्रश्न वरवर घरगुती वाटला तरी तो आपल्या ज्ञानपरंपरेच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

ग्रंथ काय सांगतात

परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने प्रथम परंपरा नीट वाचली पाहिजे. शतावरी म्हणजे एका वेलीच्या तळाशी असलेला मांसल मुळ्यांचा झुपका. शतमूली, बहुसुता, अतिरसा, नारायणी, वरी अशी तिची अनेक नावे आहेत. चरकसंहितेत ती ‘अतिरसा’ या नावाने बल्य आणि वयःस्थापन या गणांत येते. म्हणजे बल देणारी आणि वय टिकवून धरणारी. शुक्रजनन गणातील ‘वृद्धरुहा’ म्हणजे शतावरीच, असे टीकाकार मानतात.

आता एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. चरकाने स्तन्यजनन, म्हणजे दूध उत्पन्न करणाऱ्या दहा द्रव्यांचा स्वतंत्र गण सांगितला आहे. वीरण, शाली, षष्टिक, दर्भ, कुश, काश अशी तृणवर्गातील द्रव्ये त्यात आहेत. शतावरी त्यात नाही. तिचा स्तन्यकर गुण सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात मात्र स्पष्टपणे सांगितला आहे. याच भावमिश्राने मेदा आणि महामेदा या दुर्मीळ झालेल्या वनस्पतींच्या ऐवजी शतावरी वापरावी, असेही सांगून ठेवले आहे.

याचा अर्थ काय? आपले वैद्यकशास्त्र एकदाच लिहून मोहोरबंद केलेली पोथी नव्हते. निरीक्षणे वाढत गेली, नवी द्रव्ये आली, जुनी दुर्मीळ झाली, पर्याय शोधले गेले आणि ते मोकळेपणाने नोंदले गेले. चरकाच्या गणात नसलेला गुण पुढील ग्रंथकारांनी अनुभवाने जोडला, तेव्हा कोणीही त्यांच्यावर परंपराद्रोहाचा आरोप केला नाही. मग आज एखादे नवे निरीक्षण पुढे आले, एखादा दावा तपासताना कमी पडला, तर ते नोंदवणे परंपरेच्या विरोधात कसे जाईल? ‘हजारो वर्षांचा अनुभव आहे, आता तपासायचे काय?’ असे म्हणणारे त्या हजारो वर्षांच्या पद्धतीलाच विसरतात.

मुळात दडलेले रसायन

शतावरीच्या मुळात प्रामुख्याने स्टेरॉइडवर्गीय सॅपोनिने असतात. सॅपोनिन म्हणजे पाण्यात घुसळले असता फेस देणारे संयुग. रिठ्याचा फेस याच जातीच्या द्रव्यांमुळे येतो. शतावरीतील या संयुगांना आपल्या मुळीच्याच नावावरून ‘शतावरिन’ असे नाव पडले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम केलेले आणि आयुर्वेदीय वनौषधींच्या रसायनशास्त्रात आयुष्य घालवलेले शास्त्रज्ञ डॉ. सुख देव यांनी सहकाऱ्यांसह १९८८ मध्ये शतावरिन-१ ची रचना मांडली. पुढे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शतावरिन-१ आणि शतावरिन-४ यांच्या रचनेत दुरुस्ती सुचवली. त्यात मानापमानाचे काही नाही. विज्ञान असेच पुढे जाते. मात्र आपल्या डोंगरातल्या मुळीच्या रचनेतील दुरुस्ती सात समुद्रांपलीकडून यावी, याची थोडी रुखरुख आपल्या विद्यापीठांना वाटली तर ती योग्यच ठरेल.

या सॅपोनिनांचा गाभा ‘सार्सासॅपोजेनिन’ नावाच्या स्टेरॉइडचा असतो. त्याशिवाय शतावरीच्या मुळात आयसोफ्लॅव्होन वर्गातील एक संयुग सापडल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. सोयाबीनमुळे जगभर चर्चेत आलेली ‘वनस्पतिजन्य इस्ट्रोजेने’ याच आयसोफ्लॅव्होन वर्गातली. बाजारातील भाषेचे मूळ येथे आहे. ‘स्टेरॉइड’ आणि ‘इस्ट्रोजेन’ हे दोन शब्द सापडले आणि त्यांतून हवी ती गोष्ट रचता आली.

वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. संप्रेरक आणि पेशीतील त्याचा ग्राही यांचे नाते किल्ली-कुलपाचे असते. काही वनस्पतिजन्य संयुगांचा आकार स्त्रीसंप्रेरकाच्या किल्लीशी थोडाफार जुळतो. ती त्या कुलपात शिरतात. परंतु कधी कुलूप अर्धवट उघडते, तर कधी नुसती जागा अडते आणि खऱ्या किल्लीलाच वाट मिळत नाही. म्हणजे एकच द्रव्य एका स्थितीत संप्रेरकासारखे, तर दुसऱ्या स्थितीत त्याच्या विरुद्ध वागू शकते. ही संयुगे निरुपद्रवीच असतात, असेही नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका विशिष्ट जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्यांना वंध्यत्व येऊ लागले. त्याचे कारण त्या गवतातील अशीच संयुगे होती. वनस्पतींत संप्रेरकासारखी शक्ती असू शकते, हे जगाला पटवून देणारी ही घटना एक इशारासुद्धा होती.

दुसरा गैरसमज ‘स्टेरॉइड’ या शब्दाचा. रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतील रानकंदांतील डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार केले. संततिनियमनाच्या गोळ्यांचा पाया त्यातून घातला गेला. परंतु हे रूपांतर प्रयोगशाळेत, रासायनिक प्रक्रियांच्या अनेक पायऱ्यांनी झाले. मनुष्याच्या शरीरात त्या पायऱ्या घडत नाहीत. हेच डायोस्जेनिन मेथीच्या दाण्यातही असते. नारायणगावच्या बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग रोज विकले जातात, म्हणून तेथे संप्रेरकांचा बाजार भरतो असे कोणी म्हणणार नाही. शतावरीतील सार्सासॅपोजेनिनलाही हाच न्याय लागू होतो. मुळीत स्टेरॉइडवर्गीय संयुग आहे, याचा अर्थ ती खाल्ल्याने शरीरात संप्रेरक तयार होते असा होत नाही.

तिसरी गोष्ट तर जाहिरातींचा पायाच काढून घेणारी आहे. ‘शतावरीत इस्ट्रोजेनसारखे द्रव्य आहे, म्हणून दूध वाढते’ हे तर्कशास्त्र उलटे आहे. गर्भारपणात इस्ट्रोजेन स्तनग्रंथींची वाढ घडवते हे खरे. परंतु प्रसूतीनंतर त्याची पातळी एकदम खाली येते तेव्हाच दुधाचा ओघ सुरू होतो. बाहेरून दिलेले इस्ट्रोजेन दूध कमी करू शकते. एके काळी दूध बंद करण्यासाठी ते औषध म्हणून दिले जात असे. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या स्तनपानाच्या सुरुवातीच्या काळात टाळायला सांगतात, त्याचे एक कारण हेच आहे. दूध तयार करणारे संप्रेरक प्रोलॅक्टिन आहे आणि दूध बाहेर आणणारे ऑक्सिटोसिन. तेव्हा शतावरीने दूध वाढत असेल, तर त्याची वाट वेगळी असली पाहिजे. ती वाट शोधणे हे काम आहे. सोपा शब्द चिकटवून ते टळत नाही.

कसोटीवर काय दिसले

या बाबतीत महाराष्ट्राला संकोच वाटावा अशी स्थिती नाही. १९६७ मध्ये जोगळेकर, आहुजा आणि बलवानी यांनी शतावरीच्या स्तन्यवर्धक गुणाविषयीचा अभ्यास ‘इंडियन मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्या पाठोपाठ १९६८ मध्ये सबनीस, गायतोंडे आणि जेठमलानी यांनी शतावरीच्या अर्काचा उंदरांच्या स्तनग्रंथींवर होणारा परिणाम तपासला. १९६९ मध्ये गायतोंडे आणि जेठमलानी यांनी शतावरीतून वेगळे केलेले सॅपोनिन गर्भाशयाच्या स्नायूवरील ऑक्सिटोसिनचा परिणाम रोखते, असे दाखवले. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि डॉ. ऊर्मिला थत्ते यांनी शतावरी, गुळवेल, अश्वगंधा यांच्यावर प्रयोगशाळेच्या शिस्तीत काम केले. २००२ मध्ये डहाणूकरांचे निधन झाले. आयुर्वेदाविषयी आस्था आणि पुराव्याविषयी काटेकोरपणा एकाच व्यक्तीत नांदू शकतात, याचे त्या उत्तम उदाहरण होत्या.

मग मातांवरील चाचण्यांतून काय निघाले? १९९६ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात शतावरीयुक्त औषधाची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध झाली. दूध कमी असलेल्या मातांत प्रोलॅक्टिनच्या पातळीत किंवा बाळांच्या वजनवाढीत औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत मात्र ६० मातांपैकी शतावरी घेणाऱ्या गटात प्रोलॅक्टिनची वाढ दुसऱ्या गटाच्या तिपटीहून अधिक दिसली.

दोन चाचण्या, दोन निष्कर्ष. येथे दोन्ही बाजूंचे वकील आपापला कागद उचलून निघून जातात. समर्थक २०११ चा दाखला देतात, टीकाकार १९९६ चा. प्रामाणिक वाचकाने दोन्ही एकत्र ठेवले पाहिजेत. अशा चाचण्यांत औषधाची घडण, मात्रा, मातांची निवड, काय मोजले आणि किती दिवस मोजले, यांपैकी काहीही बदलले तरी निष्कर्ष बदलू शकतो. शिवाय सहभागी मातांची संख्या लहान. तेव्हा आज एवढेच म्हणता येते की शतावरीच्या पारंपरिक उपयोगाला काही आधार असण्याची शक्यता आहे, परंतु तो आधार सिद्ध झालेला नाही. हे वाक्य डब्यावर छापण्याइतके आकर्षक नाही, पण खरे आहे.

पंचाहत्तरहून अधिक वर्षांच्या स्वातंत्र्यात, हजारो आयुर्वेदीय पदवीधर दरवर्षी बाहेर पडणाऱ्या देशात, प्रत्येक घरात दिल्या जाणाऱ्या एका मुळीविषयी निर्णायक उत्तर देणारी मोठी चाचणी झालेली नाही. परकीयांनी आपल्या औषधांना मान दिला नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. त्यांना मान द्यायला भाग पाडील असा पुरावा आपण त्यांच्यापुढे किती वेळा ठेवला, याचाही हिशेब व्हायला हवा.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

कोणी म्हणेल, दूध वाढो न वाढो, शतावरीने बिघडते काय? सर्वसाधारण निरोगी बाळंतिणीने पारंपरिक प्रमाणात घेतलेल्या शतावरीबद्दल भय पसरवण्याचे कारण नाही. प्रश्न येतो तो ‘हार्मोन’ या शब्दाने बाजार विस्तारला जातो तेव्हा. ज्या स्त्रीला संप्रेरकांवर अवलंबून असलेला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे आणि जी इस्ट्रोजेन रोखणारे औषध घेत आहे, तिने इस्ट्रोजेनसदृश गुणाचा दावा असलेले चूर्ण डॉक्टरांना न विचारता घ्यावे काय? डब्यावरील दावा खरा असेल तर तिला धोका आहे. खोटा असेल तर तिची फसवणूक आहे. विक्रेत्याला यांपैकी एक बाजू निवडावीच लागेल. परिणाम सांगताना संप्रेरक आणि धोका विचारला की ‘साधी वनस्पती’, असा दुटप्पीपणा चालणार नाही.

आणखी एक साधी गोष्ट. बाजारात मिळणाऱ्या शतावरी कल्पात साखरेचा वाटा मोठा असतो. गर्भारपणात ज्यांना मधुमेह जडला होता अशा माता आज गावोगाव आहेत. त्यांनी दिवसातून दोनदा कल्प घ्यावा, असे सांगणारी आजी प्रेमापोटीच सांगत असते. डब्यावरील माहिती वाचून तिला सावध करणे हे घरातील शिकलेल्यांचे काम आहे. दूध कमी पडते आहे असे वाटताच कल्पाचा डबा आणून निश्चिंत होणे त्याहून घातक. बाळ वारंवार आणि योग्य रीतीने पाजले गेले की प्रोलॅक्टिन वाढते, हा दुधाचा मुख्य नियम आहे. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, बाळाला छातीशी धरण्याची नीट पद्धत, आईला झोप आणि सकस आहार यांची जागा कोणतीही मुळी घेऊ शकत नाही. डबा आणला म्हणून आशाताईला किंवा डॉक्टरांना दाखवायचे राहून गेले आणि बाळाचे वजन घटत गेले, तर त्याचा दोष शतावरीला देता येणार नाही.

अश्वगंधेच्या बाबतीत जे घडले ते डोळ्यांत अंजन घालणारे आहे. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदी घातली. त्यामागे तेथील तांत्रिक विद्यापीठाचा २०२० चा अहवाल होता. लैंगिक आणि थायरॉइड संप्रेरकांवर संभाव्य परिणाम आणि गर्भपाताची शक्यता ही कारणे त्यात होती. भारतातून या अहवालाच्या शास्त्रीय उणिवांवर बोट ठेवण्यात आले. तो आक्षेप महत्त्वाचा आहे. परंतु ज्या बाजाराने वर्षानुवर्षे ‘संप्रेरकांवर प्रभावी’ अशी जाहिरात केली, त्यालाच परदेशातील नियामकाने ‘मग संप्रेरकांवरील दुष्परिणामांचा पुरावा दाखवा’ असे विचारले, तर त्यात नवल कसले? उद्या हीच वेळ शतावरीवर येऊ शकते. तेव्हा निषेधाची पत्रके उपयोगी पडणार नाहीत. मोजलेले आकडे लागतील.

डोंगरापासून डब्यापर्यंत

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे ती मुळी खणणाऱ्याची. जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग सह्याद्रीचा. नाणेघाट, भीमाशंकरच्या परिसरातील महादेव कोळी आणि ठाकर समाजातील वनवासी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हिरड्यासारखे वनोपज गोळा करत आले आहेत. हिरडा झाडावरून उतरवला तरी झाड उभे राहते. शतावरीचे तसे नाही. औषधी भाग मुळातच असल्याने ती खणावी लागते. गड्डा आणि त्यावरचे कोंब पुन्हा मातीत गाडले नाहीत तर वेल संपते. मागणी वाढली, भाव मात्र गोळा करणाऱ्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो अधिक खणेल, कोवळी मुळे काढील, आणि काही वर्षांत डोंगर रिकामा होईल. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा ग्रामसभांचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क प्रत्यक्षात उतरायचा असेल तर गड्डा राखून मुळे काढण्याची शिस्त, वाळवण्याची व साठवणुकीची सोय आणि वाजवी भाव यांची घडी ग्रामसभेच्या पातळीवर बसली पाहिजे.

आणि जे डब्यात जाते ते शतावरीच असते काय? एकाच अ‍ॅस्परॅगस कुळातील वेगवेगळ्या जातींची मुळे दिसायला सारखी असतात. सोलून, वाळवून दळल्यावर तर डोळ्यांनी ओळख पटणे अशक्यच. जात बदलली, जमीन बदलली, मुळाचे वय बदलले की त्यातील शतावरिनाचे प्रमाण बदलते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० मध्ये स्थापन झाले. २०२५ मध्ये आयुष मंत्रालयाने, बुलढाण्याचे खासदार असलेले राज्यमंत्री प्रतापराव जाधव यांच्या हस्ते, शतावरीसाठी स्वतंत्र देशव्यापी अभियानही सुरू केले. अशा अभियानाचे स्वागतच आहे. परंतु लागवडीचे एकर मोजण्याबरोबर मुळातील संयुग मोजण्याची सोय शेतकऱ्याला जवळ मिळाली नाही, तर उत्तम मुळी आणि भेसळीची मुळी एकाच भावाने विकली जातील, आणि प्रामाणिक शेतकरी पुढच्या हंगामात उसाकडे वळेल. शतावरी काढणीला येण्यास दीड-दोन वर्षे किंवा अधिक काळ लागतो. एवढा काळ जमीन अडकवणाऱ्याला गुणवत्तेचा भाव मिळालाच पाहिजे.

मोजमापाचे वावडे नको

‘पाश्चात्त्य चाचण्यांची कसोटी आपल्या शास्त्राला का लावायची?’ असा आक्षेप काही सन्मान्य वैद्य घेतात. व्यक्तीची प्रकृती पाहून औषध द्यावे, या त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चाचणीची आखणी करताना प्रकृतीचा विचार जरूर व्हावा. परंतु बाळाचे वजन ग्रॅममध्ये मोजणे ही पाश्चात्त्य गोष्ट नव्हे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांच्या नोंदींसह ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, तेव्हा साऱ्या जगाने या भारतीय मुळीकडे वळून पाहिले. १९९७ मध्ये हळदीचे अमेरिकन पेटंट रद्द करवून घेण्यात आले, तेही डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील परिषदेने जुने लिखित पुरावे समोर ठेवले म्हणून. भारतीय ज्ञानाचे हे दोन्ही विजय घोषणांचे नव्हते, कागदावरच्या पुराव्याचे होते.

जुन्नरच्या मातीला तर मोजमाप मुळीच परके नाही. याच तालुक्यातील खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण लहरी टिपतात. ज्या तालुक्यात आकाशगंगांच्या लहरी मोजल्या जातात, तेथे बाळंतिणीच्या वाटीतील शतावरीचा परिणाम मोजणे अशक्य का असावे?

त्यासाठी लागणारी निम्मी यंत्रणा आधीच उभी आहे. गावोगावच्या अंगणवाड्यांत सेविका बाळांची वजने नियमित नोंदवतात. आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन नवजात बाळाची विचारपूस करतात. प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, पुण्यात जुनी आयुर्वेद महाविद्यालये आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत. एक आयुर्वेद महाविद्यालय, एक वैद्यकीय महाविद्यालय आणि एक तालुका यांनी एकत्र येऊन, मातांच्या संमतीने, एकाच प्रमाणित आणि साखरविरहित शतावरीची मोठी चाचणी आखावी. देशाच्या चाचणी नोंदणीत ती आधीच नोंदवावी, म्हणजे निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो दडपता येणार नाही. दूध किती आले, बाळाचे वजन किती वाढले, वरचे दूध किती लागले, आईच्या रक्तातील साखर कशी राहिली, हे मोजावे. ज्या मातांना शतावरी दिली जाणार नाही त्यांनाही स्तनपानाचे उत्तम मार्गदर्शन मिळावे. जुन्नर-आंबेगावसारखा, एका टोकाला शतावरीचा डोंगर आणि दुसऱ्या टोकाला बागायती गावे असलेला प्रदेश यासाठी सर्वथा योग्य आहे.

शासनाकडूनही दोन गोष्टी अपेक्षित आहेत. १९४० च्या औषध कायद्याच्या चौकटीत, मान्य ग्रंथांतील पाठाप्रमाणे बनवलेल्या औषधाला त्या ग्रंथाचा आधार पुरतो. तो आधार ग्रंथात सांगितलेल्या उपयोगापुरताच असावा. ग्रंथाच्या आधाराने परवाना घ्यायचा आणि ‘इस्ट्रोजेन’च्या नावाने विकायचे, ही पळवाट बंद झाली पाहिजे, ज्याला संप्रेरकाचा दावा करायचा आहे त्याने संप्रेरकाचा पुरावा द्यावा. दुसरे, डब्यावर साखरेचे प्रमाण ठळक अक्षरांत मराठीत छापलेले असावे आणि कर्करोग, मधुमेह वा थायरॉइडच्या रुग्णांनी वैद्यांना विचारूनच घ्यावे, ही सूचना वाचता येईल एवढ्या आकारात असावी.

आणि कार्यकर्त्यांकडून? वनवासी पाड्यांवर, वस्त्यांवर, महिला मंडळांत ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांचा शब्द लोक मानतात. त्यांनी शतावरीची टवाळी करू नये आणि तिच्या नावाने चमत्कारही सांगू नयेत. ‘घ्यायची तर घ्या, पण बाळाला आधी पाजा, वजन करून घ्या, साखर तपासा, आणि दूध कमी वाटले तर वेळेत दाखवा’ एवढे सांगणारा कार्यकर्ता दहा भाषणांपेक्षा अधिक समाजसेवा करतो.

निमगाव सावाच्या एखाद्या घरातील आजी नातसुनेला दुधातून शतावरी देते तेव्हा तिच्या हातात तिला ठाऊक असलेले सर्वोत्तम असते. तो हात झिडकारण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि त्या हातातल्या विश्वासावर व्यापार करण्याचाही कोणाला नाही. ती वाटी घेणाऱ्या सुनेने उद्या ‘याने खरेच दूध वाढते का?’ असे विचारले, तर तिला आकड्यांसह उत्तर देता आले पाहिजे. उत्तर ‘होय’ असेल तर जगापुढे ताठ मानेने सांगता येईल. ‘नाही’ असेल तर तेही तिला सांगावे लागेल, आणि चरकानंतर नवे गुण नोंदवणाऱ्या ग्रंथकारांच्या पंक्तीला बसण्याचा मान ते उत्तर शोधणाऱ्यांना तेव्हाही मिळेल.